सर क्रीक: मुंबईच्या कागदावरची हिरवी रेघ

(ठाण्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

खाडी म्हणजे काय, हे ठाणेकरांना मी सांगायला नको. चेंदणी कोळीवाड्यातली जुनी मंडळी इथे बसली आहेत. गाळ कसा साचतो आणि पाण्याची वाट कशी सरकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. अशाच एका खाडीतून भारत आणि पाकिस्तानची हद्द जाते. कुठून जाते, यावर मात्र अजून एकमत नाही.

कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला सुमारे ९६ किलोमीटर लांबीची ही सर क्रीक. पलीकडे सिंध. भांडणाची सुरुवात सरपणावरून झाली असं सांगतात. १९०८च्या सुमारास काठावरची लाकडं कुणाची, यावर कच्छ संस्थान आणि सिंधचं प्रशासन यांच्यात जुंपली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, थेट १९३६ पर्यंत. त्यामुळे १९१४ साली तडजोडीचा ठराव केला तो मुंबई सरकारनं.

या एकाच ठरावावर दोन्ही देश उभे आहेत. ठरावासोबतच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठानं हिरवी रेघ आहे. नववा परिच्छेद तिच्याच बाजूचा, म्हणजे अख्खी खाडी सिंधची. पाकिस्तान हेच धरून बसतो. दहावा परिच्छेद जलवाहतुकीच्या पात्राचा मध्य धरायला वाव देतो, शिवाय १९२५च्या नकाशात हद्द पात्राच्या मधोमध दाखवली आहे. हा भारताचा आधार. पाकिस्तान म्हणतो, इथे वाहतूक चालतच नाही. आपण म्हणतो, भरतीला ट्रॉलर आत जातात, मग आणखी काय हवं? मला आपली बाजू वजनदार वाटते. पण ठरावाचा मसुदा ज्यानं लिहिला त्या कारकुनाचं मात्र कौतुक करवत नाही.

१९६५च्या एप्रिलमध्ये रणात चकमकी झाल्या, ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीनं लवाद नेमला गेला. १९ फेब्रुवारी १९६८च्या निवाड्यात रणाचा सुमारे ९० टक्के वादग्रस्त भाग भारताला मिळाला. सर क्रीक लवादापुढे आलीच नाही, कारण तिथलं १९१४ साली मिटलंय असं दोघांनीही धरलं होतं!

आता कुणी विचारेल, दलदलीसाठी एवढं कशाला? दलदलीचा प्रश्नच नाही. समुद्रातली हद्द खाडीच्या मुखापासून आखायची असते. मुखाशी बिंदू थोडा सरकला की पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, त्रिकोण उघडत जातो. त्यातली मासळी, तळाखालचं तेल-वायू, सगळं त्या बिंदूवर टांगलेलं. २००७ साली दोन्ही देशांनी मिळून इथली पाहणी केली. चर्चेच्या फेऱ्या २०१२ पर्यंत चालल्या. पुढे काही नाही.

रेषा ठरली नाही तरी पकडापकडी थांबत नाही. डहाणू, तलासरीकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. हा पालघर भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. सिंधू नदीच्या मुखाकडे मासळी भरपूर, म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट तिकडे घालतो. इंजिन बंद पडलं तर पाण्याची ओढ बोट कुठेही नेते. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा पकडते आणि कराचीच्या तुरुंगात टाकते. बोट जप्त. इकडे घरात कमावणारा तोच. सिंधचे मच्छीमारही आपल्या तुरुंगात येतात, त्यांची गोष्ट वेगळी नाही.

२००८च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत माणूस आतच राहतो. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ साली नेमली गेली, ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची. तिची शेवटची भेट २०१३ची. नववा परिच्छेद खरा की दहावा, हा वाद खुशाल चालू द्या. ती समिती पुन्हा बसवायला त्याचा निकाल लागायची गरज नाही.