डोळे आणि कान, दोन्ही एकाच अर्जात लिहा

मंडळी, नमस्कार. सोयाबीन काढणीचे दिवस आहेत तरी आलात, म्हणून लांबण न लावता सरळ कामाचं बोलते. ज्या माणसाला नीट दिसत नाही आणि नीट ऐकूही येत नाही, पूर्ण असो की थोडं थोडं, त्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटवर दोन्ही गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत. आपल्याकडे बहुतेकांच्या कागदावर एकच असते आणि तिथूनच सगळं अडते.

होते कसं, लेकरू जन्मापासून बहिरं, शाळेसाठी लहानपणीच कानाचा दाखला काढला, झालं काम. मग पंधरा-सोळाव्या वर्षी ते संध्याकाळी ठेचाळायला लागते, अंगणातली बाज दिसत नाही, घरचे म्हणतात रातांधळेपण आहे, गाजर खाऊ घाला. काहींना अशर सिंड्रोम असतो, त्यात कान जन्मापासून कमजोर आणि डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होतो, आधी रात्रीचं जाते मग बाजूचं, त्याला गाजर काय करणार. डोळे गेले तरी कागदावर मात्र अजून फक्त बहिरा. आणि म्हातारी माणसं तर कोणी मोजतच नाही, "वय झालं" म्हणून सोडून देतात. अहो, कायद्यात वयाची अट कुठे आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात बहुविकलांगतेच्या खाली बहिरे-आंधळेपणाचं नाव स्पष्ट आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते नव्हतं, म्हणून जुन्या दाखल्यांवर सापडत नाही.

आता दिव्यांगपणाच्या टक्क्यांचा हिशोब बघा, कारण सगळा खेळ ४० टक्क्यांचा आहे, बहुतेक योजना तिथूनच सुरू होतात. डोळ्याच्या आणि कानाच्या टक्क्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, जे उरलं त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं, आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा डोळ्याचे ३० आणि कानाचे ३०, वेगवेगळे धरले तर दोन्ही ४० च्या खाली, हाती काहीच नाही. एकत्र केले तर ५० होतात! डोळे ६० आणि कान ६० असतील तर ८०, आणि ८० ला यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, पट्टा पिवळ्याचा निळा होतो, शिवाय केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला दारिद्र्यरेषेसोबत ८० टक्केच लागतात. म्हणून दुसऱ्या तपासणीचा कंटाळा करू नका.

दाखल्याचा आणि कार्डाचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर भरायचा, आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा घेऊन. सेतूवाला पोरगा घाईत असतो, पटापट एकच प्रकार टाकतो, त्याच्या बाजूला बसा आणि दोन्ही टाकायला लावा. जुनं कार्ड असेल तर नव्याने तपासणी मागा.

तपासणीच्या दिवशी खरी गंमत होते, म्हणजे गंमत कसली. कानाला हेडफोन लावतात आणि म्हणतात आवाज आला की हात वर कर. आता ज्याला ऐकू येत नाही आणि इशाराही दिसत नाही त्याला हे सांगायचं कोणी? मी एका पोरासोबत गेली होती, तर टेबलावरचा माणूस त्याच्या मावशीलाच विचारते, "याले काही समजते का हो? मतिमंद लिहून टाकू का?" मावशीने काही उत्तर दिलं नाही, पोराचा हात ओढला आणि तळहातावर बोटाने अक्षरं काढली, गाव कोणतं. पोराने गाव सांगितलं, वरून तालुका आणि जिल्हाही सांगितला. टेबलावरचा गप. चुकीचा प्रकार एकदा लागला की काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून त्याच्याशी बोलायची रीत ज्याला येते तोच माणूस सोबत न्या, मग तो शेजारचा का असेना.

आणि घरून सराव करून जा. थोडं ऐकू येत असेल तर फोनची रिंग वाजवा, वाजली की वाटीत चण्याचा दाणा टाकायचा, असं चार-आठ दिवस करा. तेही जमत नसेल तर बेरा टेस्ट मागा, डोक्याला वायरी लावतात, माणूस झोपला तरी चालते, उत्तर द्यावं लागत नाही. ती सगळीकडे होत नाही, नागपूरच्या मेडिकलला पाठवतात, मग चिठ्ठी लेखी घ्या, तोंडी "जा तिकडे" यावर उठू नका.

दाखला हाती आला की तहसीलला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, पटवाऱ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. २०२५ मध्ये दिव्यांगांचे महिन्याचे १५०० चे २५०० झाले. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. हे मोबाईलवर चेहरा दाखवून करायला गेलं की स्क्रीन म्हणते डोळे मिचकवा. कोणाला म्हणते बाबा! तेव्हा सोबतच्याने त्याच्या हातावर दोनदा थाप मारायची, दोन थापा म्हणजे मिचकव, हे आधीच ठरवून ठेवा. नाहीच जमलं तर माणूस स्वतः तहसीलमध्ये उभा करा आणि कागदावर हयात लिहून घ्या.

मागच्या ताईंनी विचारलं, काठी कोणती घ्यायची. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले तर बघणाऱ्याला कळते की या माणसाला ऐकूही येत नाही, नुसता हॉर्न वाजवून भागणार नाही. पण आपल्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला हे कोण सांगणार, ते गावात दवंडी देऊनच सांगावं लागेल.

आणि सरपंच साहेब, तुमच्यासमोरच बोलते, राग मानू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कोणावर आणि कशावर गेले हे येत्या ग्रामसभेत विचारा, तोंडी नाही, लेखी अर्ज द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर शिक्क्यासहित पोच घ्या.