फेकू नये

(दृश्य : इन्क्युबेटरचं दार उघडतं. आत जंतू वाढवायच्या प्लेटांची चळत.)

सदतीस अंश. माणसाच्या अंगाइतकंच तापमान. इथल्या प्लेटा साधारण दोन दिवस थांबतात. काही उगवलं नाही तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट जातो आणि प्लेट कचऱ्यात. ही एक मात्र सहाव्या दिवशीही जागेवर आहे. तळाशी मार्करनं लिहिलंय, ‘फेकू नये’.

तिच्यावर आहे एका शेतकऱ्याच्या मेंदूतला पू. जेमतेम दोन थेंब.

(दृश्य : डब्याच्या झाकणात गोळ्या मांडणारा हात.)

चार वर्षांपूर्वी बायकोनं यांना किडनी दिली. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज, जन्मभर. पहारा असा ढिला पडला की नोकार्डियाचं फावतं. मातीतला जीवाणू. धुळीबरोबर फुप्फुसात, तिथून रक्तावाटे मेंदूत. तीच धूळ अख्खं गाव खातं, आणि सहसा कुणाला काही होत नाही.

(दृश्य : एमआरआय.)

कडा उजळ, मधे काळं. अशी गाठ दिसली की आपल्याकडे पहिला शब्द येतो टीबी. आणि तो येणारच, टीबी आपल्याकडे आहेच तेवढा. 1888 साली एडमाँ नोकार या फ्रेंच पशुवैद्यानं गुरांच्या रोगात हा नोकार्डिया शोधला. पुढच्या दोन-तीन वर्षांतच एपिंगर या डॉक्टरांना तसलाच जीवाणू माणसाच्या मेंदूतल्या गळवात सापडला. त्यांनी त्या आजाराला काय म्हटलं? खोटा टीबी!

(दृश्य : काचपट्टी रंगवणं, जवळून.)

आता इथं नीट बघा. आधी लाल रंग, कार्बॉल फुक्सिन. मग आम्ल. टीबी शोधताना गंधकाम्ल 20 ते 25 टक्के घेतात. टीबीचा जंतू त्यातही लाल राहतो, नोकार्डियाचा रंग बहुधा धुऊन जातो. म्हणून ही दुसरी पट्टी. आम्ल फक्त 1 टक्का. पाणी. वरून निळा रंग. पुन्हा पाणी. तेलाचा थेंब.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून.)

निळ्यावर लाल फांद्या. बारीक, मधे मधे तुटक, मणी ओवल्यासारख्या.

ही 1 टक्क्याची पट्टी सरसकट कुणी करत नाही. किडनी बदललीय, स्टेरॉइड चालू आहेत, हे कुणी कळवलं तरच ती सुचते. या पेशंटच्या अर्जावर दोनच शब्द होते : ‘पू, कल्चर’. बाकीचं त्यांच्या मुलीनं खिडकीवर उभं राहून सांगितलं.

(दृश्य : प्लेट. झाकण उचललं जातं.)

सातवा दिवस. खडूची भुकटी सांडावी तसे पांढरे ठिपके. प्लेट हुंगायची नसते, पण वास येतोच. पहिल्या पावसाचा.

(दृश्य : पुन्हा गोळ्यांचं झाकण.)

सल्फाच्या गोळ्या वर्षभर तरी चालतील. डाव्या हातात अजून जोर आलेला नाही.