दहीभाताची वाटी

नमस्कार, श्रोतेहो.

ज्याला सगळं ठाऊक आहे, ज्याच्या हातून चूक होत नाही, असा देव गोष्टीत रंगतो का? हा प्रश्न मला सातव्या वर्षी पडला. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, हुरड्याच्या आगटीपाशी.

आजी मालदांडी ज्वारीची कणसं आगटीत खोचत होती. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, की राख उडून हिरवे दाणे माझ्या ओंजळीत. सोबत शेंगाची चटणी, उखळात कुटून तेल सुटलेली. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या पुडीला मी शेंगाची चटणी म्हणत नाही, कुणाला राग आला तरी चालेल.

तर आजी सिद्धरामाची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची, गोष्ट सांगत होती. सोलापूर तेव्हा सोन्नलगी. सुग्गलादेवीचं हे अबोल पोरगं रानात गुरं राखायचं. एक दिवस जंगमाच्या, म्हणजे लिंगायत साधूच्या, वेशात मल्लय्या, श्रीशैलचा महादेव, आला, म्हणाला, हुरडा दे. पोरानं पोटभर खाऊ घातला. जंगम म्हणाला, पोटात आग पडली रे, दहीभात आण. पोरगं घराकडं पळालं.

इथं आजी गोष्ट लांबवायची. ढेकळांतून अनवाणी पळणं, आईच्या पाठीशी ‘लवकर, लवकर’ करणं, परतताना भात सांडू नये म्हणून वाटीवर आडवा धरलेला हात. आणि आलं तर रान रिकामं. जंगम नाही, कुणी नाही.

‘मल्लय्या, मल्लय्या’ करत ते श्रीशैलच्या यात्रेकरूंमागं गेलं. लोकांनी देवळात लिंग दाखवलं, हाच तुझा मल्लय्या. पोरगं म्हणालं, हा नव्हे, माझ्याशी बोलला तो पाहिजे. शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघालं, तेव्हा देवानं हात धरला.

मी विचारलं, “आजी, देवाला सगळं कळतं ना? मग आपण थांबणार नाही हे ठाऊक असून दहीभात का मागितला? फसवलंच की त्यानं!”

आजोबांनी डोळे वटारले. आजी कणीस हातात तसंच धरून गप्प बसली. मग म्हणाली, “व्हय गं, फसवलं. पर भूक खरी असंल त्याची. देव झाला म्हणून काय झालं?”

श्रोतेहो, देवाला भूक लागली. मला वाटतं उत्तर इथंच आहे. ज्याचं काहीच अडत नाही त्याची गोष्ट पुढं सरकत नाही. तेराव्या शतकात राघवांकानं कन्नडमध्ये सिद्धरामाचं चरित्र काव्यात रचलं, पण त्याच्याही आधीपासून आपल्या मुलखातली माणसं हे जाणून असावीत. त्यांनी देवाचं ज्ञान कमी केलं नाही, देवाचं काहीतरी अडवून ठेवलं. पंढरीत पुंडलिक आईबापाचे पाय चेपतोय, आणि देव विटेवर उभा. दुष्काळात सरकारी धान्य वाटून टाकणाऱ्या आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी तो विठू महार झाला, बेदरला जाऊन धान्याचे पैसे भरले, आणि पावती घेतली. विश्वाचा धनी, पण पावती मिळेपर्यंत दरबारात उभा! ही पावती ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितली, तो माझ्या लेखी फार मोठा कथाकार.

पुन्हा सांगते, देवाला भूक लागली, देव ताटकळला, देवानं पावती मागितली. उलट नुसते चमत्कार आले की माझं लक्ष उडतं. हल्लीच्या पौराणिक मालिकांत हाताच्या पंजातून उजेड सोडणारे देव मला एका भागापलीकडं बघवत नाहीत. आणि त्यात ते सतत वाजणारं पार्श्वसंगीत! कुणी दोन वाक्यं शांतपणे बोलूच देत नाही.

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामाच्या यात्रेच्या, गर्दीत, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा मी त्या कुंभारकन्येचा विचार करते. तिला सिद्धरामाशी लग्न करायचं होतं, मिळाला त्याचा योगदंड. शहर दरवर्षी हे लग्न लावतं. तिथं सिद्धरामापेक्षा मला तीच जास्त दिसते, कारण तिला हवं ते पुरतं मिळालं नाही.

यंदा हुरड्याला भाचीला ही गोष्ट सांगितली. कड्यापर्यंत पोहोचले तर तिनं अडवलं, “आत्या, त्या वाटीचं काय झालं?”

मला सांगता आलं नाही. आजीच्या गोष्टीत वाटी रानातच राहते.

नमस्कार.