पिशवीत काही सापडलं नाही, तेव्हा

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘कॅनडाच्या उत्तरेतील खनिजसंपत्ती आणि सहकार्यातून संशोधन’. त्याकडे येतोच. पण आधी मला मातीबद्दल बोलू द्या.

आपण बेसाल्टवर वाढलेली माणसं. खडकावरची माती त्याच खडकाची, हे आपण धरूनच चालतो. नुनावुतमध्ये, म्हणजे कॅनडाच्या अगदी उत्तरेतल्या प्रदेशात, पहिल्याच दिवशी ते सोडावं लागतं. हिमयुगात बर्फाच्या थरानं तिथला खडक खरवडला, दळला आणि तो चुरा कुठल्या कुठे नेऊन टाकला. या चुऱ्याला आम्ही टिल म्हणतो. थोडक्यात, पायाखालची माती परगावची. तिला विचारत जायचं, बाई, तू आलीस कुठून? (तुम्ही हसताय, पण आमचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे.)

चक फिप्की आणि स्ट्युअर्ट ब्लसन या हिरे शोधणाऱ्या भूवैज्ञानिकांनी हेच केलं. १९८०च्या दशकात मॅकेन्झी नदीकडून ते पूर्वेकडे सरकत गेले, बर्फ जिकडून आला होता तिकडे. हिरा इतका दुर्मीळ, की पिशवीभर मातीत तो मिळण्याची आशाच नको. ते शोधत होते त्याच्या खडकातली सोबती खनिजं, जांभळट पायरोप गार्नेट आणि हिरवं क्रोम डायोप्साइड. मोहरीहून बारीक कण, आणि शेकडो किलोमीटरचा माग! १९९१मध्ये लॅक द ग्रा तळ्याच्या परिसरात ड्रिलनं हिरे असलेला किंबरलाइट, म्हणजे हिऱ्यांचा मूळ खडक, वर काढला. १९९८मध्ये तिथे एकाटी ही कॅनडातली पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली. हा भाग नुनावुतच्या शेजारी, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये येतो.

या गोष्टीत सगळे कणांबद्दल बोलतात. मला बोलायचंय ते कण संपतात त्या जागेबद्दल. तुम्ही बर्फाच्या उगमाकडे चालला आहात, प्रत्येक पिशवीत कण मिळताहेत, आणि एके ठिकाणी एकदम काहीच नाही. याचा अर्थ मूळ खडक मागे राहिला. ती रिकामी पिशवी नसती, तर तुम्ही पुढे चालतच राहिला असता.

आता माझी तक्रार. एका उन्हाळ्यात आम्ही टिलचे नमुने घेत होतो. तिथे खोलवरची जमीन बारमाही गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि ताजं टिल चिखलाच्या गोल चकतीसारखं वर येतं. फावडं घालायचं ते त्या चकतीत. एक नमुना साधारण दहा किलोचा. हेलिकॉप्टर थांबलेलं, डास कानात, नाकात, तोंडात. तिसऱ्या दिवशी एका चकतीत मला जुना खड्डा दिसला. कडा ढासळलेल्या, पण खड्डा फावड्याचाच, आणि शेजारच्या दगडाखाली नमुन्याची जागा दाखवणारी, विटलेली गुलाबी फीत. पुढच्या ठिकाणी तेच. त्याच्या पुढच्या ठिकाणीही तेच! परतल्यावर चौकशी केली. एका कंपनीनं, नाव घेत नाही, बऱ्याच वर्षांपूर्वी तोच पट्टा खणला होता. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘त्यात काही सापडलं नाही, म्हणून नोंदी ठेवल्या नाहीत.’

अहो, काही सापडलं नाही हीच तर नोंद होती! एक अख्खा उन्हाळा, तेवढं इंधन, तेवढी माणसं, आणि आम्ही खणलेलीच जमीन पुन्हा खणली. आजही ते पत्र आठवलं की माझा आवाज चढतो, माफ करा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो. नुनावुतचं क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, माणसं सुमारे ४० हजार, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही रस्ता नाही. तिथे एकट्यानं काम करणं परवडतच नाही. म्हणून १९९९मध्ये, प्रदेश वेगळा झाला त्याच वर्षी, इकालुइत या तिथल्या राजधानीत कॅनडाचं केंद्र सरकार आणि नुनावुत सरकार यांचं संयुक्त भूविज्ञान कार्यालय निघालं. २००८मध्ये केंद्र सरकारनं उत्तरेच्या नकाशांसाठी पाच वर्षांना १० कोटी डॉलर दिले, आणि २०१३मध्ये तो कार्यक्रम पुढे वाढवला. एकाच तळावर खडकांचा नकाशा करणारे, टिल खणणारे आणि चुंबकीय मोजणीवाले एकत्र राहतात, ही खरी कमाई.

दुसरं, सरकारशी झालेल्या १९९३च्या करारानं सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइट लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मालकीची झाली, त्यातल्या सुमारे दहाव्या हिश्श्यात खनिजांसकट. तेव्हा कुठे खणायचं याची चर्चा त्यांच्याशी आधी व्हायला हवी. कॅरिबूंचे, म्हणजे तिथल्या रेनडियरांचे, कळप कधी कुठून जातात, हे त्यांना आपल्या उपग्रहांच्या आधीपासून माहीत आहे.

तिसरं आणि शेवटचं, तरुण मुलांसाठी. नमुन्याचे अक्षांश-रेखांश, खोली आणि वजन लिहा. कण मिळाले नाहीत तर रकान्यात शून्य लिहा, मोकळा सोडू नका. मोकळा रकाना पाहिला की पुढचा माणूस समजतो, इथे कुणी मोजलंच नाही. मग तो पुन्हा फावडं घेऊन निघतो.