विस्तार होतो तो खिडकीपाशी

(ह्युस्टन येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

‘हिस्पॅनिक वस्त्यांतील लैंगिक आरोग्यसेवेचा विस्तार’ हा विषय पत्रिकेवर छापलेला असूनही सभागृह भरले आहे, याबद्दल आपले अभिनंदन. बरेच जण तरुण मुलांना घरी ठेवून आलेले दिसतात. खरे तर त्यांनी मुलांना पाठवून स्वतः घरी थांबायला हरकत नव्हती.

हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिको आणि इतर स्पॅनिशभाषक देशांत मुळे असलेली माणसे. त्यांच्या दवाखान्यांबद्दल माझे म्हणणे थोडके आहे. अशा दवाखान्याचा विस्तार डॉक्टरांच्या खोल्या वाढवून होत नाही. तो नोंदणीच्या खिडकीपाशी होतो किंवा तिथेच अडतो. आपल्यातील डॉक्टर मंडळी दवाखान्यात मागच्या दाराने शिरतात, त्यामुळे ही खिडकी त्यांनी समोरून क्वचितच पाहिलेली असते. तिथे नाव, पत्ता आणि विमा विचारतात, आणि पुष्कळ अर्जांवर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचाही (म्हणजे कागदपत्रे नसलेल्यांकडे नसणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचा) रकाना असतो, ज्याचा उपचाराशी काडीचाही संबंध नसतो. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड, बायकोकडे कोणताच कागद नाही आणि मुले मात्र जन्माने अमेरिकी, अशी घरे टेक्सासात सर्वत्र आहेत. त्या घरातील बाई रकाना पाहते, पर्स उचलते आणि निघून जाते. ती गरोदर असेल, तर सिफिलिसची तपासणी राहून जाते. २०२२ मध्ये या देशात जन्मजात सिफिलिसच्या ३,७०० हून अधिक नोंदी झाल्या, आणि वेळेवर तपासणी व उपचार झाले असते तर त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ टळल्या असत्या. औषध कोणते? आपल्या आजोबांच्या काळातले पेनिसिलिन.

सरकारी दवाखान्याची ही भीती अज्ञानातून येते, असे मला नेहमी ऐकवले जाते. त्याला उत्तर म्हणून मी एक खटला सांगतो, आणि तो जरा सविस्तर सांगणार आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या मोठ्या काउंटी रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांची नसबंदी केली जात होती. वेणा चालू असताना, सिझेरियनची तयारी सुरू असताना, त्यांच्यापुढे इंग्रजी संमतिपत्र धरले जाई. काहींना आपली शस्त्रक्रिया झाल्याचे कितीतरी काळाने कळले. बर्नार्ड रोझेनफेल्ड या तेथील तरुण निवासी डॉक्टराने नोंदी जमवून बाहेर पोचवल्या. अँटोनिया हर्नांडेझ ही तेव्हा नुकतीच वकिलीत आलेली तरुणी. तिने सहकाऱ्याबरोबर १९७५ मध्ये दहा स्त्रियांच्या वतीने दावा लावला. पहिली फिर्यादी डोलोरेस माद्रिगाल. १९७८ मध्ये न्यायाधीशांनी निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला: हा सारा संवादातील गोंधळ होता आणि डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, या स्त्रियांच्या जीवनात मातृत्वाचे स्थान किती मोठे आहे हे सांगायला त्यांच्याच बाजूने एका मानववंशशास्त्रज्ञाची साक्ष झाली होती, आणि न्यायाधीशांनी ती उलटी फिरवून त्यांचे दुःख त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या खात्यावर टाकले. आपल्याला हे परके वाटू नये. दावा दाखल झाला त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, म्हणून ते अमलात आले नाही इतकेच.

त्या स्त्रिया हरल्या, पण त्या लढ्यामुळे स्पॅनिश संमतिपत्रे आली, आणि त्याच सुमारास सरकारी पैशाने होणाऱ्या नसबंदीसाठी तीस दिवसांच्या प्रतीक्षेचा नियम झाला. काउंटीने जाहीर माफी मागितली ती २०१८ मध्ये. ज्या घरात आजीच्या बाबतीत हे घडले, त्या घरातील नातीला ‘सरकारी दवाखान्यात निर्धास्त जा’ असे पत्रकावर छापून सांगणे मला उद्धटपणाचे वाटते.

आता दुभाष्यांविषयी, कारण त्याबद्दल माझा राग जुना आहे. केवळ दुभाषी नाही म्हणून आईच्या योनिस्रावाची चौकशी बारा वर्षांच्या मुलाकरवी होताना मी पाहिली आहे. नियमानुसार, जिवावर बेतल्याखेरीज लहान मुलाला दुभाषी करता येत नाही. तरीही ते घडते, कारण फोनवरचा दुभाषी मिळायला वेळ लागतो आणि मूल समोरच बसलेले असते. त्या मुलापुढे ती आई नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाबद्दल काय बोलणार? ती ‘नाही’ म्हणते, आपण ‘नाही’ लिहितो, आणि नोंद अगदी नीटनेटकी होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. विस्ताराची जी योजना मांडायचे मी कबूल केले होते, ती आता घाईतच सांगावी लागेल.

लोकसंख्येत हिस्पॅनिक सुमारे १९ टक्के आहेत; २०२२ मधील अंदाजित नव्या एचआयव्ही संसर्गांत त्यांचा वाटा ३३ टक्के होता. एचआयव्ही टाळणारे ‘प्रेप’ औषध २०१२ पासून मान्य आहे. पण २०२२ मध्ये ज्यांना ते मिळायला हवे होते, त्यांपैकी गोऱ्यांत सुमारे ९४ टक्क्यांना मिळाले आणि हिस्पॅनिकांत २४ टक्क्यांना. म्हणून पहिली गोष्ट वेळेची: बांधकामावरचा आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातला माणूस दुपारी दोनची वेळ पाळू शकत नाही, त्याच्यासाठी रात्रीचे आणि रविवारचे तास हवेत. क्लॅमिडिया व गोनोरिया या लैंगिक संसर्गांच्या तपासणीसाठी नमुना रुग्णाला स्वतः घेता येतो आणि मे २०२४ पासून दवाखान्यात एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूसाठीही घेता येतो. तेव्हा प्रत्येक वेळी डॉक्टर मोकळा होण्याची वाट पाहू नये. खिडकीवर वस्तीतील ‘प्रोमोतोरा’ बसवाव्यात, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या, आणि त्यांना मानधनावर नव्हे तर पगारावर नेमावे. मेक्सिकोच्या वकिलातींत पासपोर्टसाठी आलेल्यांना आरोग्याची माहिती व तपासण्या देणारी ‘व्हेंतानिया दे सालुद’ वर्षानुवर्षे चालू आहे. दवाखान्यांनी तिथेच बसावे. आणि लैंगिक आरोग्याची पाटी वेगळी लावू नये. रक्तदाब आणि मधुमेह जिथे तपासतात, तिथेच हेही तपासावे.

पैशाचे काय? टेक्सासने २०११ मध्ये कुटुंबनियोजनाची तरतूद ११.१ कोटी डॉलरवरून सुमारे ३.८ कोटींवर आणली, तेव्हा ऐंशीहून अधिक दवाखाने बंद पडले आणि मेक्सिकोच्या सीमेवरील रिओ ग्रान्दे खोऱ्यालाही त्याची झळ बसली. कुटुंबनियोजनासाठी केंद्राचा पैसा देणाऱ्या १९७० च्या ‘टायटल टेन’ कायद्याचा निधी कागदपत्रे न पाहता वापरता येत असे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने तो निधी आणि सामुदायिक आरोग्य केंद्रे स्थलांतरितांच्या कायदेशीर दर्जाशी जोडणारा अन्वयार्थ जाहीर केला; काही राज्यांपुरती न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आहे, पण टेक्सास त्यांत नाही. म्हणजे सोशल सिक्युरिटीचा रकाना अर्जावरून काढा असे मी सांगत असताना, त्याच्याशेजारी आणखी एक रकाना येण्याची शक्यता आहे. आपल्यातील कोणी आरोग्य केंद्रांच्या संचालक मंडळावर असेल, तर तो कोरा अर्ज पुढच्या बैठकीत मागवून घ्यावा आणि प्रत्येक रकाना कोणत्या नियमामुळे आहे, हे विचारावे. आता प्रश्न घेऊ या.