सात शिक्के आणि सव्वाशे माणसं

माउंट कार्मेल म्हटलं की आपल्या मुंबईकरांना वांद्र्याचं चर्च आठवतं. मी आज सांगतेय ते माउंट कार्मेल म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचं राहायचं ठिकाण, अमेरिकेत टेक्ससमध्ये होतं, वेको शहराबाहेर माळरानावर, आणि १९ एप्रिल १९९३ ला ते जळून खाक झालं. आत ७६ माणसं गेली. त्यात वीसपेक्षा जास्त लहान मुलं.

मी भायखळ्याच्या मराठी चर्चमध्ये वाढले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, म्हणजे प्रकटीकरणातली, ती सात शिक्क्यांची गुंडाळी, जी फक्त कोकराच उघडू शकतो, ती आम्ही संडे स्कूलमध्ये ऐकलेली, आणि कोकरा म्हणजे येशू हेही तेव्हाच डोक्यात बसलेलं. म्हणून वेकोची गोष्ट मला जास्तच लागते, कारण पुस्तक तेच आहे. तिथे एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, ते शिक्के मी उघडतो.

त्याचं खरं नाव व्हर्नन हॉवेल. ब्रांच डेव्हिडियन हा पंथ त्याने काढलेला नाही हां, त्याचं मूळ सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातून फुटलेल्या एका गटात आहे, जो १९३५ पासून वेकोला राहत होता. हा तिथे आला १९८१ ला, साधा तरुण, गिटार वाजवणारा, बायबल तोंडपाठ. १९९० ला त्याने नाव बदललं, डेव्हिड कोरेश. डेव्हिड म्हणजे आपला दावीद राजा, आणि कोरेश म्हणजे मराठी पवित्र शास्त्रात यशयाच्या पुस्तकात जो कोरेश राजा येतो तोच. एका नावात दोन राजे.

आता आतलं आयुष्य कसं होतं ते बघा. सव्वाशेच्या आसपास माणसं, म्हणजे गिरगावातल्या एका चाळीएवढी, लाकूड आणि प्लायवूडच्या एका मोठ्या इमारतीत. पुरुष खाली, बायका आणि मुलं वर. घरात नळ नाही, पाणी बाहेरून आणायचं, रात्री बादलीत जायचं. जेवण सगळ्यांचं एकत्र, आणि काय खायचं काय नाही हे कोरेश ठरवणार, नियम मधेच बदलणार. मग बायबल स्टडी, तासन् तास, कधीकधी पार मध्यरात्रीपर्यंत, मुलं मांडीवर झोपलेली आणि हा बोलतोय. आणि लोकांना ते आवडायचं! हे समजून घ्या प्लीज. ब्रिटनमधून आलेले होते, ऑस्ट्रेलियातून आलेले, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला वकील होता. वाचलेल्यांपैकी काही जण आजही सांगतात की तिथे काळा-गोरा भेद नव्हता, आणि देवाचं वचन इतकं उलगडून आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. वेडे म्हणून त्यांना बाजूला टाकलं की काहीच कळत नाही.

कारण सगळं एकदम मागितलं गेलं नाही. आधी पगार, मग घर, आणि १९८९ ला त्याने सांगितलं की इथल्या सगळ्या बायका माझ्या, नवऱ्यांनी आता ब्रह्मचर्य पाळायचं. काही जण निघून गेले. बाकीचे राहिले, आपल्या बायका देऊन राहिले. आणि मुली. १९९५ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीसमोर एका मुलीने साक्ष दिली की ती दहा वर्षांची असताना त्याने तिच्यावर अत्याचार केला. मुलांना लाकडी फळीने मार पडायचा. इथे माझ्याकडे कोरेशसाठी एकही मवाळ शब्द नाही.

२८ फेब्रुवारी १९९३ ला बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून सरकारी एजंट आले, गोळीबार झाला, चार एजंट आणि सहा डेव्हिडियन मेले. मग ५१ दिवसांचा वेढा. एफबीआयने रात्रभर मोठमोठ्याने आवाज लावले, त्यात सशांना मारतानाच्या किंकाळ्यासुद्धा होत्या, आणि आत लहान मुलं आहेत हे बाहेरच्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवटच्या दिवशी रणगाड्यांसारख्या गाड्यांनी भिंती फोडून अश्रुधूर सोडला आणि दुपारी आग लागली. सरकारी चौकशीने म्हटलं आग आतल्यांनीच लावली, काही वाचलेले ते अजून मानत नाहीत.

वेढ्याच्या काळात २१ मुलं बाहेर आली होती. त्यांना वेकोच्याच मेथडिस्ट बालगृहात ठेवलं, आणि ब्रूस पेरी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्याबरोबर बसायचे. शांत बसलेल्या मुलांच्याही छातीचे ठोके जोरजोरात पडत होते. एका मुलीला विचारलं, पीनट बटर नुसतं हवं की जेली लावून, तर ती गोंधळली, चिडली. तिला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या एका मुलीला म्हणाले, तुझ्या घराचं चित्र काढ. तिने ज्वाळांनी वेढलेली इमारत काढली आणि वर स्वर्गाकडे जाणारा जिना. माउंट कार्मेल तेव्हा उभं होतं, आणि या मुलांचे आईवडील आतच होते.