तिकीट कुठल्या गावचं?

महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजूचे लोक गाडीची टाकी भरायला कर्नाटकातल्या कोगनोळीच्या पंपावर येतात. आपण बेळगावकर गोव्याला निघालो की इथे टाकी अर्धी ठेवतो आणि चोरला घाट उतरून गेल्यावर भरतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पेट्रोल तेच, कंपनीही तीच, पण मधे एक रेघ आहे आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना कर वेगळा आहे. सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. परदेशाच्या तिकिटाचंही तसंच आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. तिथेही रेघ असते. मोबाईलवर तिकीट काढताना ती दिसत नाही आणि तिच्यापायी घरटी हजारो रुपये जातात.

टिळकवाडीत माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे, २२ वर्षं होतील. सुरुवातीला माझ्याकडे यायचे ते बहुतेक आखातात नोकरीला जाणारे. आता समोर बसतात ते आई-वडील. मुलगा जर्मनीत आखेनला शिकतोय, मुलगी ब्रिटनमध्ये लेस्टरला, जावई मेलबर्नला. बसल्याबसल्या पहिला प्रश्न असतो, "अक्का, मुंबई ते लंडन कितीला पडेल?" मी उत्तर देण्याआधी उलट विचारते : प्रवास सुरू कुठून होणार आणि संपणार कुठे?

आपल्याला सवय एसटीची. बेळगावहून चंदगड, चंदगडहून पुढे सावंतवाडी, टप्पा वाढला की पैसे वाढले. विमानाचं भाडं टप्प्यावर नसतं. विमान कंपनी प्रत्येक दोन गावांच्या जोडीसाठी वेगळा दर लावते, आणि दिशेसाठीही वेगळा. मुंबई–लंडन–मुंबई आणि लंडन–मुंबई–लंडन ही तिच्या लेखी दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. विमान एक, सीट एक, जेवणाचा ट्रेसुद्धा एकच, पण दर दोन.

याहून चमत्कारिक म्हणजे, जास्त लांबचं तिकीट कधीकधी स्वस्त असतं. कोलंबोहून लंडनला श्रीलंकन एअरलाइन्सचं थेट विमान आहे. आता समजा दुसऱ्या एखाद्या कंपनीला कोलंबोचा प्रवासी दिल्लीमार्गे न्यायचा आहे. थेट विमान सोडून तो दिल्लीला उतरेल, चार-पाच तास ताटकळेल, मग पुढे जाईल. हे त्याने कशासाठी करायचं? दर कमी असला तरच. दिल्लीच्या माणसाला मात्र त्याच कंपनीचं ते विमान थेट आहे, त्याला वेळ वाचवण्याचे पैसे पडतात. म्हणून कोलंबो–दिल्ली–लंडन हे तिकीट दिल्ली–लंडनपेक्षा कमी भावात मिळू शकतं. आखातातल्या कंपन्या आपल्याला दुबई किंवा दोहामार्गे युरोपला नेतात, त्याचंही गणित हेच आहे. परक्याच्या अंगणातला प्रवासी ओढायचा तर भाव उतरवावा लागतो.

हे ऐकलं की प्रत्येकाच्या मनात एकच येतं. कोलंबोचं तिकीट काढू आणि दिल्लीलाच चढू! तसं करू नका. तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिल्या टप्प्याला तुम्ही हजर नसलात की नो-शो लागतो आणि पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द होतात. सुरुवात कोलंबोहून लिहिली असेल तर पायही कोलंबोलाच लागले पाहिजेत. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या, कारण या एका चुकीपायी विमानतळावर रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता कराकडे येते. ब्रिटनमधून विमानाने निघणाऱ्या प्रवाशावर १९९४ पासून एअर पॅसेंजर ड्युटी नावाचा कर आहे. तो अंतराच्या पट्ट्यांवर ठरतो. २०२५-२६ चा दर भारताच्या पट्ट्यात इकॉनॉमीला माणशी ९० पौंड आणि त्याहून वरच्या वर्गाला २१६ पौंड. इकॉनॉमीत बसणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. नातवंडांना घेऊन येणारे असतील त्यांनी हे तपासून घ्या. शेजारच्या आयर्लंडने आपला असा कर २०१४ मध्ये बंदच केला. त्यामुळे डब्लिन–लंडन–मुंबई असं एकच तिकीट काढलं आणि लंडनला २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडलं, तर ब्रिटनचा हा कर लागत नाही. लंडनचे लोक, विशेषतः बिझनेस क्लासने जाणारे, डब्लिनला जाऊन प्रवास सुरू करतात तो म्हणूनच.

मग लेस्टरच्या मुलीने हे करावं का? नाही. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा आहे. तो व्हिसा आयर्लंडला चालत नाही. तिकडे पाऊल टाकायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, आणि त्याचा खर्च, कागद, फेऱ्या धरल्या तर वाचलेला कर केव्हाच उडाला. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या तिच्या मैत्रिणीने सांगितलेली युक्ती तिच्यासाठी युक्ती नाही. इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले फिरतात ते बहुतेक अशाच पासपोर्टवाल्यांनी लिहिलेले असतात. आपल्या पासपोर्टला रेघ ओलांडण्याचाही खर्च आहे आणि तो कुणी आपल्यासाठी मांडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिच्यासाठी दुसरा रस्ता आहे. डिसेंबरात लंडनहून इकडे यायला झुंबड असते. त्या आठवड्यात लंडनहून सुरू होणारं परतीचं तिकीट म्हणजे अव्वाच्या सव्वा. त्या एका डिसेंबराला इलाज नाही. पण सुट्टी संपवून जानेवारीत ती परत जाताना एकेरी तिकीट काढू नका. मुंबईहून सुरू होणारं परतीचंच काढा : जाणं जानेवारीत, येणं त्याच वर्षीच्या डिसेंबरात. विमान कंपन्या साधारण ११ महिने आधीपर्यंतच्या सीटा विक्रीला काढतात आणि परतीचं तिकीट सहसा वर्षभर चालतं, त्यामुळे डिसेंबराचा पहिला पंधरवडा त्यात बसतो. आता ती मुंबईची प्रवासी झाली. तिचा दर जानेवारीतल्या मुंबईच्या मागणीवर ठरला, डिसेंबरातल्या लंडनच्या नव्हे. ब्रिटनचा कर यात सुटत नाही, निघताना तो लागतोच. पण दरातला फरक मोठा असतो. असं एकदा बसलं की दरवर्षी तेच फिरवत राहायचं. हे तिकीट रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे नियम मात्र आधी वाचा, कारण ११ महिन्यांत परीक्षेच्या तारखा बदलतात.

आखेनच्या मुलाचं सगळ्यात सोपं आहे. आखेन हे गाव नकाशावर बघा. अगदी आपल्यासारखं! जर्मनीच्या टोकाला आहे, शहराबाहेर गेलं की एका टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्हींच्या सीमा एका बिंदूत मिळतात. तिथे राहण्याचा परवाना असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला शेजारच्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, जायला वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनीत २०११ पासून विमानप्रवासावर कर आहे आणि लांबच्या प्रवासाला तो जास्त आहे. बेल्जियममध्ये तसा कर त्या मानाने बराच कमी. ब्रसेल्स आखेनहून दीडशे किलोमीटरच्या आत, म्हणजे आपल्याला हुबळी-धारवाड ओलांडून जरा पुढे. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने गेल्या वर्षी मुलाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, मी तर रविवारी सायकलवरून नेदरलँड्सला बटाटे आणायला जातो." बटाट्यासाठी सीमा ओलांडणाऱ्या मुलाला तिकिटासाठी ती ओलांडायचं सुचलं नव्हतं. फ्रँकफर्ट, ड्युसेलडॉर्फ, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, चारही ठिकाणांहून भाव बघायचा आणि त्यात रेल्वेचं भाडं मिळवायचं.

इथून जाणाऱ्यांचं काय? इथे मी स्पष्ट बोलते. बेळगावहून उठून कोलंबोला जायचं आणि तिथून युरोपचं इकॉनॉमी तिकीट धरायचं, यात बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. कोलंबोपर्यंतचं जाणं-येणं, तिथे शिरायला आधी काढायचा ईटीए परवाना, एक रात्र हॉटेल, हे धरलं की वाचलेले पैसे वाटेतच संपतात. बिझनेस क्लासची गोष्ट वेगळी आहे. तिथे मूळ दरातच मोठी तफावत असते आणि भारतातून निघालं तर त्यावर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, इकॉनॉमीला ५. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, पाय लांब करून झोपल्याशिवाय प्रवास न झेपणाऱ्या माणसाने कोलंबोचा दर जरूर विचारावा.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना क्वालालंपूर बघण्यासारखं आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत आहे. बेंगळुरूहून क्वालालंपूरला थेट विमानं आहेत आणि तिथून पर्थ, मेलबर्न, सिडनीला स्वस्तातल्या कंपन्या जातात. तरुण मुलगा, एक बॅग, हाताशी दोन दिवस, असं असेल तर जमतं. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या सासूबाईंना असं पाठवू नका.

हिशोब मुंबईपासून किंवा बेंगळुरूपासून मांडू नका, आपल्या उंबऱ्यापासून मांडा. आणि त्यात सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे वजन.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा शिकायला मेलबर्नला निघाला. तीन तिकिटं वेगवेगळी : सांबऱ्याच्या आपल्या विमानतळावरून बेंगळुरू, तिथून क्वालालंपूर, तिथून पुढे. कागदावर चांगली बचत होती आणि ती तिकिटं मीच काढली होती. निघायच्या आदल्या रात्री बहिणीच्या घरी हुकाचा वजनकाटा दाराच्या कडीला अडकवून आम्ही बॅग तोलत होतो. एका तिकिटावर गेलं असतं तर परदेशी प्रवासाचं सामान सांबऱ्यापासूनच धरलं असतं. तिकिटं वेगळी, म्हणून देशातल्या टप्प्याला १५ किलो. काटा १९ वर. बहिणीने आधी मेतकुटाचा डबा काढला, मग करदंट, मग कुंद्याचे दोन पुडे काढून परत एक आत ठेवला. काटा १६ वर आला तेव्हा ती म्हणाली, "हा एक राहू दे की." राहू दिला, आणि जादा किलोचे पैसे भरायचं ठरवलं.

सकाळी सांबऱ्याला ढग इतके खाली आले होते की विमान उतरलंच नाही, दुसरीकडे वळवलं. बेंगळुरूचं पुढचं विमान त्याच्याशिवाय गेलं. एकच पीएनआर असता तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर आलं असतं. तिकिटं सुटी होती, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो फक्त वेळेवर न आलेला प्रवासी होता. तिसरं तिकीटही त्याच हिशोबाने गेलं. ऐनवेळी घेतलेल्या नव्या तिकिटाने सगळी बचत खाल्ली आणि वर आणखी घेतले. दोष माझा होता. सांबऱ्याचा ऑगस्ट मला माहीत होता आणि मधे एक पूर्ण रात्र मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून माझा नियम आहे. तिकिटं सुटी असली तर आदल्या दिवशीच तिथे पोचायचं. बेंगळुरूला रात्रीच्या रेल्वेने जा, ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. मुंबईला जायचं तर दादरच्या गाडीने किंवा स्लीपर बसने जा. रेल्वेत आणि बसमध्ये कुंदा तोलून घेत नाहीत. मुंबई, बेंगळुरू आणि गोवा या तिन्ही ठिकाणांहून भाव बघितल्याशिवाय परदेशातल्या सुरुवातीचा विचारही करू नका. तीन राज्यांचे विमानतळ एका रात्रीच्या अंतरावर असणारी गावं देशात फार नाहीत, आपलं त्यातलं एक आहे.

खानापूरच्या एका मावशींनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचून थांबते. त्यांचा नातू आखेनलाच आहे. मे महिन्यात त्याच्या भावाचं लग्न आहे आणि तो म्हणतो, इकडून तुम्हीच तिकीट काढून पाठवा. मावशी, इथून पैसे पाठवा, तिकीट त्यालाच काढू दे. ब्रसेल्सहून सुरू होणारं, परतीचं, एका पीएनआरवर, आणि इकडचं टोक बेळगाव मिळत असेल तर बेळगावच. म्हणजे त्याच्या दोन्ही बॅगा सांबऱ्यापर्यंतच्या धरल्या जातील, फक्त कस्टमसाठी मुंबईला किंवा बेंगळुरूला एकदा उचलून परत द्याव्या लागतील. मे महिना आहे, त्याला म्हणावं आजच बघ. आणि जाताना त्याच्यासोबत काय द्यायचं त्याचं वजन माझ्या ऑफिसात येऊन करा, काटा तिथे टांगलेलाच आहे.